मलगी आणि मुलगी

हैदराबाद शहरात नव्याने बिऱ्हाड करणाऱ्या मराठी माणसाची पहिली फजिती होते ती 'मलगी' या शब्दापाशी. एखाद्या घरमालकाच्या ऐपतीची चौकशी करावी, तर शेजारी सांगतो, "त्यांना काय कमी आहे? सात मलग्या आहेत!" सात मुलींचा बाप इतका निश्चिंत कसा, या विचारात नवागत पडतो, आणि मागाहून त्याला कळते की, मलगी म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेला, भाड्याने द्यावयाचा दुकानाचा गाळा. शब्द मूळचा आपला नव्हे. कानडीत दुकानाला 'मळिगे' म्हणतात. दक्षिणेतील भाषांतून फिरत तो हैदराबादच्या उर्दूत रुळला आणि तेथून भाडेचिठ्ठ्यांत व कोर्टाच्या कागदांत शिरला. कित्येक जण त्याचा उच्चार 'मुलगी' असाच करतात, त्यामुळे थट्टेला भरच पडते.

थट्टा बाजूला ठेवली, तरी या दोन शब्दांची जोडी आम्हांला विचार करण्यासारखी वाटते. हैदराबादेत भाड्याचे घर हा निव्वळ पैसा गुंतविण्याचा प्रकार फारसा कधी नव्हता. आईबाप आणि मुले यांच्यामधला तो एक अलिखित करार होता. म्हातारपणाची सोय, मुलांचे शिक्षण, विधवेचा हातखर्च, भावाभावांतील वाटणी हे सारे त्या भाड्यावर टांगलेले असे. या करारात मुलीचे नाव मात्र फार उशिरा लिहिले गेले. हा उशीर कसा झाला आणि तो भरून निघण्यास भाडेकरू नावाचा परका मनुष्य कसा कारणीभूत झाला, हे पाहण्याचा येथे आमचा विचार आहे.

प्रथम शहराची घडण पाहू. हैदराबाद हे राजधानीचे व नोकरदारांचे शहर. निजामाच्या दरबारी व दफ्तरी चाकरी करणारी मराठी घराणी जुन्या शहरात होतीच. पुढे मराठवाड्यातून वकिली, शिक्षकी व सरकारी नोकरीसाठी आलेली मंडळी सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार, काचीगुडा या भागांत वसली. यांपैकी सुलतान बाजाराचा रेसिडेन्सीच्या आवारालगतचा भाग १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अंमलाखाली होता. नोकरदाराला शेत विकत घेऊन कसणे जमत नाही. त्याच्याजवळ चार पैसे साठले की, तो जागा घेतो, पुढे दोन मलग्या काढतो, मागे स्वतः राहतो आणि माडीवर एक 'पोर्शन' चढवितो. पोर्शन हाही खास हैदराबादी शब्द आहे. पुण्यास जे बिऱ्हाड, मुंबईस जी खोली, तो येथे पोर्शन. हाली शिक्का चालू असताना भाडे हाली रुपयांत ठरे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब पोरांनाही तोंडपाठ असे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला आलेल्या महापुराने शहराचा मोठा भाग धुऊन नेला. विश्वेश्वरय्यांना बोलावून पूरनियंत्रणाची योजना आखण्यात आली, आणि १९१२ साली शहर सुधार मंडळ स्थापन झाले. लोक त्यास 'आराइश-ए-बल्दा' म्हणत. या मंडळाने दाट वस्त्या मोडून भाड्याने देण्यासाठी ओळीने घरे बांधली, आणि पत्थरगट्टीचा तो दगडी कमानींचा रस्ता उभा केला, ज्यात खाली मलग्या व वर राहण्याच्या जागा अशी रचना आहे. खासगी घरमालकांपुढे जणू एक नमुनाच त्यामुळे उभा राहिला. खाली दुकान, वर कुटुंब. पुढे १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द झाल्या, तेव्हा जमिनीच्या वसुलीवर जगणाऱ्या घराण्यांनाही शहरातील जागेकडे वळावे लागले. कित्येक देवड्यांच्या पडव्या व दिवाणखाने भिंती घालून पोर्शनांत वाटले गेले. ज्या घराण्याने कधी कोणाला भाडे मागितले नव्हते, त्याच्या दारावर 'टु-लेट'ची पाटी आली.

आता कायद्याकडे वळू. आणि येथे हैदराबादकरांना थोडा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेचा कायदा ज्या ग्रंथावर बहुतेक भारतभर उभा राहिला, ती मिताक्षरा याच संस्थानाच्या भूमीत लिहिली गेली. विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण नगरीचा. ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात मोडत असे. आणि गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण या भागांत ज्या व्यवहारमयूखाला मान मिळाला, त्याचा कर्ता नीलकंठ भट्ट याचे घराणे मूळ पैठणचे. तेही याच संस्थानातले. दिल्ली-लाहोरच्या घरांची भांडणे ज्या ग्रंथांच्या आधारे तोडली गेली, ते आमच्या शेजारच्या तालुक्यांचे देणे आहे.

मिताक्षरेचा मुख्य सिद्धांत जन्मस्वत्वाचा. वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राला जन्मतःच हक्क प्राप्त होतो. पित्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. बंगालमध्ये जीमूतवाहनाने याच्या उलट मत मांडले. तेथे पित्याचा डोळा मिटेपर्यंत पुत्राचे काही नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने याहूनही मोलाची एक बाब आहे. आजोबांनी मिळविलेल्या ज्या गोष्टींत पिता व पुत्र यांची सारखी मालकी असते, त्यांत याज्ञवल्क्याने भूमी व द्रव्य यांच्याबरोबर 'निबंध' सांगितला आहे. शिक्षक वाचकांनी दचकू नये; हा आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतला निबंध नव्हे. पानांच्या एका भाऱ्यामागे इतकी पाने, सुपारीच्या एका भाऱ्यामागे इतक्या सुपाऱ्या, असे ठरलेले व पुनःपुन्हा येणारे उत्पन्न म्हणजे निबंध, असा विज्ञानेश्वराने त्याचा अर्थ केला आहे. दर महिन्याला येणारे मलगीचे भाडे हे त्या पानसुपारीचे जवळचे नातलगच म्हणावे लागेल. ठरावीक काळाने येत राहणारे उत्पन्न ही देखील मालमत्ता आहे आणि तीत मुलाचा जन्मसिद्ध वाटा आहे, ही कल्पना आमच्याकडे निदान नऊशे वर्षे जुनी आहे. मुलाचा, हे ध्यानात ठेवावे. कन्येला विवाहापुरता खर्च किंवा भावांच्या वाट्यातील अंश, एवढ्यावर शास्त्राने तिची बोळवण केली.

बापाने स्वतः मिळविलेल्या मालमत्तेला हे बंधन त्या प्रमाणात नव्हते. पण स्वार्जित म्हणजे काय, हा प्रश्न इंग्रजी अमदानीत फार चिघळला. बापाने घरच्या पैशाने मुलाला शिकविले, मुलगा मोठा अधिकारी झाला, त्याने पगारातून घरे बांधून भाड्याने दिली. ती घरे कोणाची? १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका आय. सी. एस. अधिकाऱ्याची कमाई देखील एकत्र कुटुंबाची ठरविली. कारण त्याची विद्या कुटुंबाच्या खर्चाने झालेली. पित्याने मुलाच्या शिक्षणावर केलेला खर्च ही एक प्रकारची गुंतवणूक आणि तिचे व्याज साऱ्या भाऊबंदांचे, असा त्याचा अर्थ होतो. हा निकाल पुष्कळांना जाचला. मुकुंदराव जयकर यांनी पुढाकार घेऊन विधेयक आणले, आणि १९३० च्या कायद्याने विद्याधन हे विद्या मिळविणाऱ्याचे स्वतःचे ठरले. जयकरांच्या या कामगिरीचा उल्लेख आमच्या साहित्यिक चरित्रांत क्वचितच आढळतो. परंतु पगारातून घर बांधणाऱ्या नोकरदाराचे घर त्याच्या चुलतभावांच्या तावडीतून सुटले, ते या कायद्यामुळे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. बाप मुलाच्या नावाने घर घेतो; ते मुलाचे झाले काय? इंग्रजांच्या देशात असे घर मुलाला दिल्याचेच प्रथमदर्शनी गृहीत धरीत. परंतु १८५४ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याकडील गोसाईं घराण्याच्या खटल्यात सांगितले की, हिंदुस्थानात दुसऱ्याच्या नावाने मालमत्ता घेण्याची सर्रास चाल आहे. सबब नाव मुलाचे असले तरी पैसा ज्याचा त्याचे घर. आमच्या मते हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींना हिंदी बाप नीट कळला होता. त्याला मुलाचे नाव पाटीवर हवे असते आणि भाडे स्वतःच्या हातात.

या भाड्याचा घरातील संसार कसा चाले, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. घर वाटता येत नाही. भाडे वाटता येते. तीन भावांत एक वाडा आणि चार मलग्या असतील, तर वाड्याच्या भिंतीवर भिंती घालून तो विद्रूप होतो, ओसरीवरून कज्जे होतात, विहिरीवरून बायकांत अबोला येतो. परंतु मलग्यांचे भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकाच्या हाती येते आणि तीन पुड्यांत बांधले जाते. चुली वेगळ्या झाल्या तरी भाडे एकत्र राहिले, अशी कुटुंबे या शहरात घरोघर होती. एका दृष्टीने भाड्याच्या मलगीनेच भाऊबंदकीला लगाम घातला होता. जो भाऊ शहरात राही, तो महापालिकेचा कर भरी, छत गळले तर गवंडी लावी, आणि वर्षाअखेरीस खर्चाचा कागद इतर भावांना पाठवी. त्या कागदावर विश्वास टाकण्याइतका जिव्हाळा असेपर्यंत सर्व ठीक चाले. खर्चाच्या कलमाला एखाद्या वहिनीने प्रथम शंका घेतली की, समजावे, वकिलाची पायरी आता दूर नाही.

आणखी एक चाल आम्हांला विशेष वाटते. घरातील वृद्ध आईच्या नावे एखाद्या लहानशा मलगीचे किंवा जिन्याखालच्या खोलीचे भाडे तोडून दिलेले असे. ते तिने कोणाला विचारल्याखेरीज खर्च करावे. नातवंडांचा खाऊ, एकादशीची दक्षिणा, माहेरवाशिणीची साडीचोळी या सर्वांचा उगम त्या वीस-पंचवीस रुपयांत. मुलीला बापाच्या घरातून जे काही मिळे, ते पुष्कळदा या वाटेनेच मिळे. आई ते भाऊबिजेच्या ताटाखालून किंवा बाळंतपणाच्या निमित्ताने देई. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद नसे. कायद्याने मुलीला जे नाकारले होते, ते आई भाड्यातून चोरून देत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आईला तोडून दिलेल्या अशा मालमत्तेचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न हैदराबादेतील उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९७७ साली त्याचा निकाल लागला. आंध्रातील तुळसम्मा नावाच्या विधवेस पोटगीदाखल तडजोडीने काही मालमत्ता मिळाली होती, हयातीपुरती. तिने त्यातील काही भाग पट्ट्याने दिला, काही विकला. दिराने हरकत घेतली की, तिला तो अधिकारच नाही. न्यायालयाने ठरविले की, पोटगीचा हक्क विधवेला आधीपासून होताच, आणि त्या हक्कापोटी मिळालेली मालमत्ता १९५६ च्या वारसा कायद्याने तिची पूर्ण मालकीची झाली. जिन्याखालच्या खोलीवर जगणाऱ्या किती सासवांना या निकालाची वार्ता पोहोचली असेल, कोण जाणे.

मुसलमान घराण्यांची व्यवस्था निराळी, आणि हैदराबादचा इतिहास लिहिताना ती वगळता येणार नाही. त्यांच्या शरीअतीत जन्मस्वत्व नाही; पण मुलगी वारस आहे, भावाच्या निम्म्या हिश्शाची का होईना. म्हणून जे पित्याला हयातीत ठरवून द्यायचे, ते तो 'हिबा' म्हणजे दानाने देई, किंवा घरे व मलग्या 'वक्फ-अलल-औलाद' करून ठेवी. मुतवल्लीने भाडे गोळा करावे आणि वंशजांना वाटावे. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने अशा कौटुंबिक वक्फांवर घाला घातला, तेव्हा मुसलमान समाजात मोठी खळबळ झाली व १९१३ च्या कायद्याने ते पुन्हा वैध झाले. सर्वांत श्रीमंत अशा पित्याने मात्र विटांपेक्षा कागद पसंत केला. १९५० साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपल्या आप्तांसाठी जो कौटुंबिक न्यास केला, त्यात नऊ कोटी रुपयांचे सरकारी रोखे होते. भाडेकरूंशी हुज्जत घालण्याची कटकट त्यांनी मुलांच्या माथी मारली नाही.

ती कटकट काय असते, हे इतरांना चांगलेच ठाऊक होते. हैदराबाद राज्याने १९५४ साली घरभाडे नियंत्रणाचा कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन तुकडे झाले. परंतु या कायद्याची गंमत अशी की, मराठवाड्यात तो महाराष्ट्राचा नवा कायदा ३१ मार्च २००० रोजी अमलात येईपर्यंत टिकला, आणि खुद्द हैदराबादेत तो १९६० सालीच गेला. औरंगाबादचा घरमालक चाळीस वर्षे हैदराबादच्या नावाचा कायदा उच्चारीत कोर्टात जात होता. राज्य फुटले त्या वेळी मराठवाड्याच्या वाट्याला आलेले मराठी नोकरदार मुंबई राज्यात गेले. त्यांची हैदराबादेतील घरे मागे राहिली. कोठे म्हातारे आईबाप, कोठे नुसतेच भाडेकरू. ज्या शहरात आपण बिऱ्हाडकरू म्हणून आलो, तेथे घरमालक होऊन परक्यासारखे पत्राने भाडे मागण्याची पाळी पुष्कळांवर आली.

१९६० च्या आंध्र प्रदेशच्या कायद्यात उचित भाडे ठरविताना ५ एप्रिल १९४४ पूर्वीच्या बारा महिन्यांतील दर ध्यानात घ्यावयाचे होते. उलट २६ ऑगस्ट १९५७ पासून पुढे बांधलेल्या इमारतींना हा कायदा लागू नव्हता. याचा कुटुंबावर झालेला परिणाम कोणी मांडल्याचे आम्ही वाचले नाही, तो असा. बापाचे जुने घर १९४४ च्या भाड्याला जखडलेले, आणि मुलाने बांधलेले नवे घर मोकळे. एकाच कुटुंबात बाप दरिद्री घरमालक आणि मुलगा सधन घरमालक. 'घर पाहावे बांधून' ही म्हण सांगणाऱ्या बापाला आपले घर बांधून काय पाहावे लागले, ते त्याचे तोच जाणे. पुढे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तारखेची सवलत समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केली, आणि मुलगाही बापाच्या रांगेत येऊन बसला.

याच कायद्याने भाडेकरूच्या कुटुंबालाही घराण्याचे रूप दिले. भाडेकरू वारला, तर त्याच्याजवळ राहणारी पत्नी किंवा पती, मुलगा वा मुलगी भाडेकरू ठरत. नवल असे की, वडिलांच्या मालकीच्या वडिलोपार्जित घरात ज्या कन्येला जन्मतः वाटा नव्हता, तिला वडिलांच्या भाड्याच्या घरात मुलाच्या बरोबरीने जागा होती. मालकाला घर परत हवे असेल, तर ते स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी हवे, असे शाबीत करावे लागे. आणि ती गरज बहुधा मुलाच्या लग्नाची किंवा धंद्याची असे. त्यामुळे घराण्याची खासगी हकिकत कोर्टाच्या दप्तरात उतरली. किती मुलगे, किती सुना, किती खोल्या, सासूसुनांचे पटत नाही हे देखील. दुकानांच्या बाबतीत १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात भाडेहक्क हा वारसांकडे जातो, असे ठरविले. झाले, एका मलगीसमोर दोन वंशावळी उभ्या राहिल्या. मालकाचा नातू पायऱ्यांवर आणि भाडेकरूचा नातू गल्ल्यावर.

आता मुलीकडे येऊ. हिंदू कोडाच्या मसुद्यात डॉ. आंबेडकरांना जन्मस्वत्वच नको होते. त्यांचे विधेयक बारगळले, त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, आणि १९५६ चा कायदा झाला, तेव्हा मिताक्षरेची सहदायादी तशीच राहिली. पित्याच्या स्वार्जितात मुलगी बरोबरीची वारस झाली; वडिलोपार्जितात मात्र पित्याच्या वाट्यापुरती. हिशेब साधा आहे. आई नाही, पिता नुकताच वारला, एक मुलगा व एक मुलगी मागे आहेत, आणि वडिलोपार्जित मलग्यांचे भाडे महिना चारशे रुपये येते असे समजा. प्रथम पिता व पुत्र यांचे दोनदोनशे. पित्याचे दोनशे दोघा भावंडांत. मुलाच्या पदरी तीनशे, मुलीच्या शंभर.

त्यातही एक अडसर होता. कलम २३ असे सांगे की, जे राहते घर सर्वस्वी कुटुंबीयांच्या वहिवाटीत आहे, त्याची वाटणी मुलीने मागू नये. पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच तिने आपला हिस्सा घ्यावा. तिला राहण्याचा हक्क, तोही ती अविवाहित, विधवा किंवा पतीपासून विभक्त असेल तर. पण 'सर्वस्वी कुटुंबीयांच्या वहिवाटीत' या शब्दांतच या कलमाचा तोडगा होता. जे घर भाड्याने दिले, ते कुटुंबीयांच्या वहिवाटीत कसले? भाड्याने दिलेल्या घराला हे कलम लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. म्हणजे घरात सगळे आपलेच असतील, तर मुलीचा वाटा कुलपात. आणि परका भाडेकरू शिरला की कुलूप उघडले! वासे फिरतात ते घर फिरल्यावर, असे आपण म्हणतो. येथे बिऱ्हाडकरू आला आणि वासे मुलीच्या बाजूने फिरले. थट्टेने जुळलेली मलगी व मुलगी यांची जोडी कायद्यानेही अशी जुळविली.

हैदराबादेच्या मुलीला मात्र १९९६ पर्यंत थांबावे लागले नव्हते. आंध्र प्रदेशाने ५ सप्टेंबर १९८५ पासून अविवाहित कन्येला पुत्राप्रमाणे जन्मतः सहदायाद केले. आमच्या वरील हिशेबात आता तिघांचे तीन वाटे, पित्याचा तिसरा वाटा दोघांत, आणि भावाबहिणीला दोनदोनशे. महाराष्ट्राने हीच सुधारणा २२ जून १९९४ रोजी केली. पुरोगामित्वाचा डांगोरा पिटणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना ही नऊ वर्षे अंमळ खटकली पाहिजेत. आणि त्याहूनही खटकावी अशी दुसरी गोष्ट आहे. महाराष्ट्रातील एका पित्याने आपल्या विवाहित डॉक्टर कन्येकडे पोटगी मागितली, तेव्हा तीही बापाला पोसण्यास बांधलेली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितले होते. महाराष्ट्रातील कन्येचे कर्तव्य आधी सिद्ध झाले, हक्क सात वर्षांनी. बेनामी व्यवहारांना बंदी करणाऱ्या १९८८ च्या मूळ कायद्यातही मुलीचा असाच एक अनपेक्षित मान होता. पत्नीच्या किंवा अविवाहित कन्येच्या नावाने घेतलेले घर त्या कायद्याने चालू ठेवले आणि ते तिच्याच हितासाठी घेतले असे गृहीत धरले. मुलाचा त्यात उल्लेख नव्हता. १८५४ साली गोसाईंच्या मुलाला जे मिळाले नाही, ते शंभरावर वर्षांनी मुलीला मिळाले. सबंध देशात कन्या सहदायाद झाली आणि कलम २३ गळाले, ते ९ सप्टेंबर २००५ रोजी. पिता त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे ठरण्यास आणखी पंधरा वर्षे, म्हणजे २०२० साल उजाडले.

कागदावरचा वाटा आणि हातातला वाटा यांत 'हक्कसोडपत्र' नावाची एक खिंड आहे. बाप वारल्यावर तेराव्याच्या सुमारास भाऊ कागद पुढे करतो व बहीण सही करते. लोभी भाऊ आणि भोळी बहीण असे त्याचे चित्र रंगविणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. बहिणीला भाड्याचे दोनशे रुपये आणि माहेरचा उंबरठा यांतून निवड करावयाची असते. दोनशे घेतले तर भाऊबिजेला दार उघडेल की नाही, याची तिला खात्री नसते. आणि सासरी काही बिनसले तर ते दार तिला लागणार असते. हक्कसोड हा तिच्या दृष्टीने विम्याचा हप्ता आहे. वाईट याचे वाटते की, तो हप्ता ती भरते आणि विम्याची हमी मात्र भावजयीच्या मर्जीवर राहते. मलग्यांचे भाडे वाटता येण्याजोगे असल्यामुळे येथे मधला मार्ग शक्य होता; मालकी एकत्र ठेवून दर महिन्याला बहिणीचा पुडा तिच्या घरी पाठविता आला असता, जसा तो नागपूरच्या किंवा पुण्याच्या भावाला जात होता. भावाला पोस्टाने पैसे पाठविणाऱ्या घरांना बहिणीचा पत्ता लिहिणे जड गेले.

गेल्या पंचवीस वर्षांत या कराराची दिशाच उलटली आहे. १९९८ साली माधापूरला सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, आणि त्या बाजूची खडकाळ माळराने मजल्यांनी भरून गेली. पूर्वी बाप बांधी आणि मुलगा भाडे खाई. आता परदेशी असलेला मुलगा किंवा मुलगी सदनिका विकत घेते आणि काचीगुड्यातले निवृत्त वडील मुखत्यारपत्र खिशात घालून गच्चीबावलीला भाडेकरू पाहण्यास जातात. नळ दुरुस्त करविणे, भाडेकराराची मुदत वाढविणे, खाते तपासणे ही कामे सत्तरीच्या माणसाकडे आली आहेत. पुष्कळांना ते आवडते; हातात काम राहते, मुलाशी बोलायला निमित्त होते. भाडे मात्र मुलाच्या खात्यात जाते, आणि आईच्या त्या जिन्याखालच्या खोलीची जागा नव्या सदनिकेत कोणी ठेवलेली नसते.

आईबापांच्या बाजूने कायदा आला तो २००७ साली, पालक व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा. योगायोग असा की, त्यातही कलम २३ च महत्त्वाचे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न केल्यास रद्द करविता येते. ही अट दानपत्रात असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने या कलमाचा अर्थ वृद्धांच्या बाजूने सढळपणे लावावा, असे सांगितले. मुलगा व मुलगी असा भेद या कायद्यात नाही; सांभाळण्याची जबाबदारी दोघांवर.

या कायद्याची वाट न पाहता आपली सोय आपणच करून ठेवणारे लोकही होते. आंध्र प्रदेशातील एका हिंदू स्त्रीने आपले घर नोंदणीकृत दानपत्राने देऊन टाकले; पण त्यात तिने एक कलम घातले की, आपण जिवंत असेतोवर ताबा आपला आणि येणारे भाडेही आपले. पुढे तिचे मन फिरले व तिने दान रद्द केले. खटला हैदराबादच्या उच्च न्यायालयातून दिल्लीस गेला. ताबा दिला नाही, भाडे सोडले नाही, मग हे दान कसले, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१४ रोजी निकाल दिला की, दान पुरे झाले होते. ते तिला परत घेता येणार नाही. भाड्याविषयीचे तिचे कलम मात्र दानाला बाधक ठरले नाही. घर गेले, आणि भाडे तिच्या हयातीपर्यंत तिचेच मानले गेले.